घरातील स्त्रीशक्तीची वाढ आणि गावची शाळा

(मेढा येथे जावळी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी याच खोऱ्यातील. वेण्णेच्या काठच्या एका लहानशा गावी मी वाढले, गावच्याच शाळेत शिकले आणि पुढे तेहेतीस वर्षे अशाच लहान गावांच्या शाळांतून शिकविले. तेव्हा मी व्याख्याती म्हणून आपणांपुढे उभी नाही. आपल्यातीलच एक वडीलधारी बाई चार अनुभवाच्या गोष्टी सांगत आहे, असे समजून आपण ऐकावे, एवढीच विनंती.

घरातील स्त्रियांची शक्ती आणि त्यांची निर्मितीची बुद्धी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी वाढत जाते, हा आजचा विषय आहे. आपल्याकडे एक म्हण आहे, ‘खाण तशी माती’. आई हुशार तर मुलगी हुशार, असा तिचा अर्थ आपण करतो आणि तेथेच थांबतो. एखाद्या मुलीला वाचन येत नसेल तर ‘घरीच कोणी शिकलेले नाही, मग काय होणार?’ असे आपण शिक्षकही सहज बोलून जातो. मीही अनेकदा बोलले आहे. ही म्हण कितपत खरी आहे, हेच आज आपण तपासून पाहू.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगते. ती या तालुक्यातील शेकडो घरांची गोष्ट आहे, म्हणूनच सांगण्यास संकोच वाटत नाही.

माझी आजी निरक्षर होती. पहाटे तिसऱ्या प्रहराचा कोंबडा आरवला की ती जात्यावर बसे आणि नाचणीचे दळण घाली. दळता दळता ती ओव्या म्हणे. त्यांतील काही तिला तिच्या आईकडून मिळालेल्या, काही सासरच्या जावांकडून ऐकलेल्या आणि कित्येक तिने स्वतः रचलेल्या होत्या. मुंबईस गेलेला मुलगा, दूर दिलेली लेक, आटलेली म्हैस, पंढरीचा विठोबा, हे सर्व त्या ओव्यांत येई. आपण काही रचना करीत आहोत, याची तिला जाणीवही नव्हती. कोणी विचारले असते तर ‘दळताना तोंडाला चाळा,’ एवढेच तिने सांगितले असते.

माझी आई तिच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरी. तिलाही पुष्कळ ओव्या येत. पण तिने स्वतः रचल्याचे मी फारसे ऐकले नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे फोड गेले, पाठीचे दुखणे गेले, आणि ते फार चांगले झाले. परंतु जात्यासमोरची ती जागाही गेली. जेथे आई रचत असे आणि लेक ऐकत असे, अशी ती घरातील एकमेव शाळा होती, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही. मी तर एकही ओवी रचली नाही.

माझे वडील मुंबईस धान्यबाजारात पाठीवर पोती वाहण्याचे काम करीत. या डोंगरी भागातील बहुतेक घरांचे कर्ते पुरुष मुंबईस आणि शेती, गुरे, म्हातारी माणसे बायकांच्या अंगावर, अशीच त्या काळची रीत होती. नांगरट सोडली तर सर्व कामे बायकाच करीत आणि कधी कधी नांगरटही. म्हणजे शक्ती नव्हती असे नाही. परंतु वडिलांची मनीऑर्डर आली की आई अंगठा उठवी, आणि पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी मास्तरांच्या दारी जाऊन उभी राही. नवऱ्याने बायकोस लिहिलेले पत्र तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकावे लागे. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असल्यामुळे पत्रात ‘सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’ यापलीकडे काही नसे. मी तिसरीत गेले आणि पत्र वाचू लागले. त्यानंतर आईने सांगितलेला मजकूर मीच लिहून पाठवू लागले. वर्षभरात वडिलांची पत्रे लांब झाली! त्यांत आईसाठी दोन-चार ओळी निराळ्या येऊ लागल्या. पुढे आई माझ्याकडून सही शिकली, ती मी सातवीत असताना. मुलीने आईला अक्षर दिले, हे मी येथे मुद्दाम सांगते; कारण वारसा नेहमी वरून खालीच वाहतो, असे आपण समजतो, ते पूर्ण खरे नाही.

आता एका प्रसिद्ध घराण्याची हकीकत सांगते. ती पुण्यात सुरू होते आणि आपल्याच जिल्ह्यात, फलटणला येऊन पोहोचते. तीत पाच पिढ्यांच्या कर्तबगार स्त्रिया आहेत. त्यांपैकी प्रत्येकीला मागच्या पिढीकडून काय मिळाले, तिकडे आपण लक्ष द्यावे.

कोकणात देवरुखच्या जोशी कुटुंबातील गोदूबाई आठव्या वर्षी विवाहित झाल्या आणि काही महिन्यांतच विधवा झाल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचे सारे आयुष्य स्वयंपाकघराच्या अंधारात जावयाचे. परंतु त्यांच्या भावाने त्यांना मुंबईस आणले, आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी जे शारदा सदन उघडले, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. वयाची विशी उलटून गेल्यावर त्या शिकू लागल्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरी आणि आश्रमात सर्वजण त्यांना ‘बाया’ म्हणत. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. बायांनी संसार सांभाळला आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. ज्या बाईला विशीपर्यंत शिक्षण मिळाले नव्हते, तिने म्हातारपणी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले.

त्यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचीही तीच कथा. लहान वयात वैधव्य आले, पदरी एक मूल. बहिणीच्या घरी राहून त्या शिकल्या, आश्रमात काम करू लागल्या, आणि आश्रमासाठी निधी जमविण्यास गावोगाव हिंडल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकावे आणि संस्थेस मदत मिळवावी म्हणून त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही बहिणींनी आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या आधीच्या स्त्रियांचे नावही कोठे लिहिलेले नव्हते, त्यांनी पुढील पिढ्यांना वाचण्यासाठी कागद ठेवला.

या घरात सून म्हणून आल्या इरावतीबाई. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील तेथे नोकरीस होते. सातव्या वर्षी त्यांना पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली, आणि शकुंतलाबाईंच्या आईने, म्हणजे रँग्लर परांजपे यांच्या पत्नीने, या परक्या मुलीला आपल्या मुलीप्रमाणे घरी वाढविले. त्या घरी पुस्तके होती, चर्चा होती, आणि मुलीने प्रश्न विचारला तर उत्तर मिळत असे. पुढे इरावतीबाई महर्षी कर्व्यांचे पुत्र दिनकर कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आणि १९२८ साली मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांनाही सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पती मात्र पाठीशी उभे राहिले. थोर माणसाच्या घरीसुद्धा प्रत्येक पिढीतील स्त्रीला एक नवे दार स्वतःच ढकलावे लागते, हे यावरून दिसते.

बर्लिनमध्ये त्यांना जे संशोधन दिले, त्यात गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळी असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असे त्यांच्या गुरूंचे मत होते. या तरुण मुलीने कवट्या मोजल्या आणि असा फरक आढळत नाही, असे स्पष्ट लिहिले. बुद्धी वंशावर ठरत नाही, हे मोजमापाने दाखविणारी ही बाई होती. ‘खाण तशी माती’ म्हणताना आपण हे आठवावे. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर त्या वारीत चालल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी लिहिले. महाभारतातील माणसांवर लिहिलेल्या ‘युगान्त’ या पुस्तकास १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. १९७० साली त्या वारल्या.

त्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. कोणाची सून, कोणाची पत्नी, अशी ओळख प्रत्येक सभेत करून दिली जाते, आणि शेवटी रस्त्यावरची शाळकरी मुले आपल्या वर्गमित्राची आई म्हणून तिला ओळखतात, तेव्हा त्या ओळखीची परिपूर्ती होते. लेख हसत हसत लिहिला आहे. पण एवढी विद्वान बाईसुद्धा दुसऱ्याच्या नावानेच ओळखली जाते, ही बोच त्यात आहे. या लेखाची आठवण मी शेवटी पुन्हा काढणार आहे.

इरावतीबाईंच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. दोघीही लेखिका. जाईबाई लग्न होऊन फलटणला आल्या. त्यांच्या सासूबाई कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन. त्यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे अपंग वा आजारी माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून शिकविण्याची विद्या आपल्या देशात रुजविली आणि १९५० साली मुंबईत तिची पहिली शाळा काढली. जाईबाईंनी इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्याबरोबर, परभाषिकांना मराठी शिकता यावी म्हणून पुस्तके तयार केली. गौरीबाईंनी मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, अरबी सुरस कथांचे सोळा खंड मराठीत आणले, आणि आयुष्याचा काही काळ फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहून त्या गावावर ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक लिहिले. २००३ साली त्या वारल्या.

आता चौथी पिढी. जाईबाईंच्या तीन मुलींनी फलटण हेच आपले कार्यक्षेत्र केले. नंदिनीबाईंनी शेतीशास्त्रात, विशेषतः करडईवर, काम केले. चंदाबाईंनी मेंढ्यांवर काम केले. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालमधील सुंदरबनाकडची गरोळ मेंढी आकाराने लहान, पण जुळी देणारी. तिचा तो गुण संकराने आपल्या लोणंदकडच्या मेंढीत आणून त्यांच्या संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. धनगराच्या घरी एकाऐवजी दोन कोकरे आली तर संसाराला केवढा आधार होतो, हे आपणांस मी सांगावयास नको. तिसऱ्या मंजिरीबाई. त्या डॉक्टर, पण त्यांनी शाळेचे काम हाती घेतले. मॅक्सीनबाईंनी १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ साली ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. आजेसासूचे, पणजीचे नाव आपण घराला देतो. येथे आजीचे नाव शाळेला मिळाले, आणि नात त्या शाळेत काम करू लागली. मुळाक्षरे अ-आ-इ या क्रमाने न शिकविता, ज्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द लवकर तयार होतील अशा अक्षरांचे गट करून शिकवावीत, ही तेथील वाचनपद्धती आपणांपैकी अनेकांस परिचित असेल. गौरीबाईंच्या कन्या ऊर्मिला देशपांडे याही लेखिका आहेत. २०२४ साली त्यांनी एका सहलेखकाबरोबर आपल्या आजीचे, इरावतीबाईंचे, इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

पाच पिढ्या म्हटल्या, त्यांतील पहिली कोठे आहे, असे आपण विचाराल. ती या घरात जन्मलेली नाही. गोदूबाईंना ज्यांनी शारदा सदनात घेतले, त्या पंडिता रमाबाई हीच ती पहिली पिढी. आणि रमाबाईंना संस्कृत कोणी शिकविले? त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या आईने, घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटे लेकीला जवळ घेऊन तेच धडे दिले. माझी आजी ज्या वेळेला जात्यावर बसे, ती हीच वेळ! दिवसभराच्या कामातून बाईला स्वतःची अशी मिळणारी तेवढीच घटका. एका घरी तिचा उपयोग दळणाला झाला, दुसऱ्या घरी विद्येला. पण लेक शेजारी बसली होती ती दोन्ही घरी.

यावर आपण म्हणाल, ‘बाई, ही उच्चवर्णीय, पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांची घरे. आमच्या वाडीवस्तीवर याचा काय उपयोग?’ हा आक्षेप योग्य आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्या घरांना जातीने आणि परिस्थितीने जे मिळाले, ते आपल्या मुलींच्या आज्यांना मिळाले नाही. ज्या विटाळाच्या भिंतीआड विधवेचे हाल झाले, त्याच्याहून उंच भिंत इतरांच्या वाट्यास आली. तरीही ही साखळी पुन्हा एकदा नीट पाहा. गोदूबाई रमाबाईंच्या मुलगी नव्हेत. इरावतीबाई बायांच्या मुलगी नव्हेत, सून. त्यांना वाढविले परांजप्यांच्या घराने. जाईबाई कमलाबाईंच्या सून, आणि मॅक्सीनबाई तर कोणाच्याच नात्याच्या नाहीत. म्हणजे निम्मे दुवे रक्ताचे नाहीतच. कोणीतरी परक्या मुलीला घरात घेतले, शिकविले, प्रश्न विचारू दिले, आणि मग घरात जे मिळाले ते तिने पुढे नेले. शक्ती रक्तातून आली असती तर शाळेचे काहीच काम नव्हते. ती शिकवून आणि सोबत करून येते, म्हणून आपण येथे जमलो आहोत.

याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली लग्न होऊन त्या फुल्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनी करून दिली. १८४८ पासून त्या दोघांनी पुण्यात मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८५४ साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. त्यांना मूल झाले नाही. मग त्यांची पुढची पिढी कोणती? फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी घ्या. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तिच्या घरी पूर्वी कोणी लिहिले नव्हते. ज्या धर्मग्रंथांपासून आपल्या लोकांना दूर ठेवले, त्यांविषयी तिने उघड प्रश्न केला. सात वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कार्यातून, कोणत्याही शिकलेल्या आईआजीवाचून, असा निबंध लिहिणारी मुलगी निघू शकते. ‘घरीच कोणी शिकलेले नाही, मग काय होणार?’ या आपल्या प्रश्नाला मुक्ताने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ती सांगितल्यावाचून माझे बोलणे पुरे होणार नाही.

मी एका वाडीवरच्या शाळेत होते. सातवीत एक मुलगी होती. गणितात तिचे डोके चांगले चाले, आणि तिच्या गोष्टी ऐकण्यासाठी लहान मुले तिच्याभोवती गोळा होत. त्या गोष्टी तिला आजीने सांगितलेल्या असत. पुढचे हायस्कूल चार-पाच मैलांवर, वाट रानाची. सातवीची परीक्षा झाली. मी दाखला लिहून दिला, ‘पुढे शीक हो,’ असे म्हटले, आणि माझे कर्तव्य झाले असे समजले. जूनमध्ये ती हायस्कुलात गेली नाही, हे मला कळले. त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती, नंतर भाताच्या लावण्या आल्या, पाऊस आला. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता दिवाळी आली. मी तिच्या घरी गेले नाही.

बारा-तेरा वर्षांनी मी दुसऱ्या गावी असताना ती आपल्या मुलीचे नाव पहिलीत घालण्यास आली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. अर्जावर तिने सावकाश, वळणदार सही केली. मी म्हणाले, ‘अगं, तू का गं शिकली नाहीस?’ ती सरळपणे म्हणाली, ‘बाई, घरात आबा नको म्हनत हुते. आजीच्या मनात हुतं, पर तिला वाटलं, आपल्या अडान्याचं कोन ऐकनार? तुम्ही एकडाव घरी आला असता, तर आजी माझ्या बाजूनं बोलली असती.’

बंधुभगिनींनो, यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या घरात शक्ती होती. ती आजीपाशी होती. तिला फक्त शेजारी उभे राहणारे एक माणूस हवे होते आणि ते माणूस शाळा तपासणीसाठी रकाने भरीत बसले होते. मुलीला शिकविणे हे माझे काम आहे, एवढे मी जाणत होते. तिच्या आजीला बळ देणे हेही माझे काम आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर सातवी सुटलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाण्याचा परिपाठ मी ठेवला. सर्व मुली पुढे गेल्या असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळ गेल्या, आणि ज्या घरांत म्हातारी बाई आमच्या बाजूने बोलली, तेथे बहुधा काम झाले.

या अनुभवावरून आपण सहज करू शकाल अशा तीन गोष्टी सुचविते. त्यांस अनुदान लागत नाही आणि वेगळा अहवालही लागत नाही.

पहिली गोष्ट. वर्गातील मुलांना त्यांच्या आजीकडून एक ओवी, एक उखाणा, एक गोष्ट अथवा एखाद्या रानभाजीची कृती लिहून आणण्यास सांगावे, आणि त्याखाली आजीचे पूर्ण नाव लिहावयास लावावे. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनी त्यापूर्वीच ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात असा संग्रह केला होता. आपल्या शाळेत अशी एक वही झाली तरी पुरे. आजीचे बोलणे नातीच्या अक्षरात उतरले की दोघींनाही कळते की हे बोलणे लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. ज्या आजीचे शब्द शाळेच्या वहीत आले, ती आजी नातीचे नाव शाळेतून काढू देणार नाही.

दुसरी गोष्ट. वाचनालयाचे पुस्तक मुलीबरोबर घरी जाऊ द्यावे, आणि तिने ते आईस मोठ्याने वाचून दाखवावे. पुस्तक फाटेल, तेलकट होईल, क्वचित हरवेल. कपाटात कोरे राहिलेले पुस्तक पाहून मात्र कोणतीही आई काही शिकलेली नाही. माझ्या घरी पत्रांनी जे केले, ते अनेक घरी पुस्तकांनी होईल.

तिसरी गोष्ट, नावाची. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने सक्तीचा केला आहे. ही बालके थोड्याच वर्षांत आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतील, आणि रोज हजेरी घेताना आपल्या तोंडून त्यांच्या आयांची नावे उच्चारली जातील. ‘परिपूर्ती’ या लेखातल्या बाईंची ओळख करून देताना ज्या नात्यांची यादी झाली, ती आपण आठवावी. आता मुलांची ओळख आईच्या नावाने होणार आहे. परंतु केवळ नाव लिहून ती बाई आपणांस कळत नाही. प्रवेशाच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारीत जा: ‘ताई, तुम्हांला काय चांगले येते?’ कोणी म्हणेल वाकळ शिवता येते, कोणी म्हणेल बी निवडता येते, कोणी म्हणेल आजारी जनावर ओळखता येते, कोणी बचतगटाचा हिशेब ठेवीत असेल, कोणी ग्रामपंचायतीची सदस्य असेल. पुष्कळजणी लाजून ‘मला काय येतंय?’ असेच म्हणतील. थोडे थांबावे, पुन्हा विचारावे. आईला काय येते, हे मुलीच्या देखत शिक्षकाने विचारले, एवढ्यानेही त्या मुलीची आपल्या आईकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मी ते अनेकदा पाहिले आहे.

माझी आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची सही असलेला मनीऑर्डरचा एक कागद मी जपून ठेवला आहे. अक्षरे वाकडी आहेत, मधले जोडाक्षर चुकलेले आहे. आजीच्या ओव्यांचा मात्र एकही कागद माझ्यापाशी नाही. मी लिहू शकत होते, आजी समोर होती, आणि मला ते कोणी सुचविले नाही. आपल्या वर्गातील मुलींच्या आज्या अजून घरी आहेत. त्यांच्यासाठी ही सूचना उशिराची ठरू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.